गिरवलेली चाल, काढलेली चाल

ॲनिमेशनपटातलं एखादं पात्र जरा जास्तच माणसासारखं चाललं, वळलं, खुर्चीत बसलं, की बघणाऱ्यांत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हे रोटोस्कोप केलेलं दिसतंय.’ त्या वाक्यात कौतुक कमी आणि संशय जास्त असतो. म्हणजे आधी खऱ्या माणसाचं चित्रीकरण केलं, मग त्यावर कागद ठेवून गिरवलं. त्यात काय मोठंसं! गंमत अशी की हा संशय दोन्ही बाजूंनी फसतो. ज्या दृश्यावर तो घेतला जातो ते पुष्कळदा कोऱ्या कागदावर, निव्वळ निरीक्षणाच्या जोरावर काढलेलं असतं. आणि जे खरोखर गिरवलेलं असतं त्याची शंकाही येत नाही, कारण पडद्यावर माणूस नसतोच. नाचणारा वॉलरस असतो.

त्या वॉलरसपासूनच सुरुवात करावी. त्याचा पुरावा त्याच्याच चित्रपटात जोडलेला आहे. मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओनं १९३२ साली बेटी बूप या कार्टून नायिकेचा ‘मिनी द मूचर’ हा लघुपट काढला. सुरुवातीला जॅझ गायक कॅब कॅलोवे स्वतः आपल्या वाद्यवृंदापुढे डोलताना दिसतो. पाय उचलण्याऐवजी घसरत नेल्यासारखी त्याची संथ चाल, सैल सोडलेले खांदे, लाटेवर ठेवल्यासारखे हात. पुढे घरातून पळालेली बेटी एका गुहेत शिरते आणि तिथं वॉलरसच्या रूपातलं एक भूत गाऊ-नाचू लागतं. सुळे, मिशा, फुगीर अंग सगळं कार्टूनचं. पण पावलं आणि कमरेची लचक थेट कॅलोवेची. सुरुवातीचं चित्रीकरण आणि हा नाच पाठोपाठ पाहिला की कुणालाही पटावं. दिसण्यात वास्तववादाचा लवलेश नाही, तरी हे रोटोस्कोपिंगचं अस्सल उदाहरण आहे.

तेव्हा पात्राचा चेहरा किती खरा दिसतो, हा प्रश्न आधी बाजूला ठेवायचा. बघायची ती हालचाल.

पद्धत फ्लायशर यांचीच. त्यांनी १९१५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये ते मिळालं. यंत्र साधं होतं. चित्रित केलेली फिल्म प्रोजेक्टरमधून एकेक फ्रेम थांबवत काचेवर पाडायची, काचेवर कागद ठेवायचा, बाह्यरेषा गिरवायची, फिल्म एक घर पुढे सरकवायची, नवा कागद घ्यायचा. मॅक्स यांचा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर उड्या मारत असे. त्यातून कोको हा विदूषक जन्माला आला. शाळेत बटर पेपर ठेवून भारताचा नकाशा गिरवलेल्यांना हे काम परकं वाटणार नाही. फक्त इथं एका सेकंदाला चोवीस नकाशे, आणि प्रत्येक नकाशात किनारपट्टी किंचित हललेली.

हाताने काढलेल्या ॲनिमेशनचा प्रवास उलटा असतो. ॲनिमेटरपुढे कोरा कागद असतो. उठून उभं राहणाऱ्या माणसाची तो आधी मोजकी महत्त्वाची चित्रं काढतो: बसलेला, पुढे झुकलेला, भार पायांवर आलेला, उभा. ही ‘की’ चित्रं. मग कागदाच्या कडेला एक छोटी मोजपट्टी आखून दोन कींच्या मध्ये किती चित्रं यायची आणि ती कुठं दाट, कुठं विरळ ठेवायची हे तो ठरवतो. मधली चित्रं, म्हणजे ‘इन-बिटवीन’, तो स्वतः किंवा त्याचा सहायक काढतो. या पद्धतीत एकही रेष आपोआप येत नाही. हनुवटी किती खाली जाईल, कोणता पाय आधी सरकेल, पापणी कधी मिटेल, प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवलेली असते.

ओळखण्याची किल्ली नेमकी इथंच आहे. वास्तववादी पण हाताने काढलेल्या दृश्यात ठरवून ठेवलेल्या गोष्टी दिसतात. गिरवलेल्या दृश्यात कुणीच न ठरवलेल्या गोष्टी शिल्लक राहतात. खरा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहून नुसतं ‘हो’ म्हणतो तेव्हासुद्धा त्याचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, खांदा विनाकारण वर येतो, वाक्य संपल्यावर मान थोडी जास्तच हलते, हात खिशाकडे जाता जाता मध्येच थांबतो. कथेला त्यातल्या कशाचीच गरज नसते. कोऱ्या कागदासमोर बसलेला माणूस असलं काही काढायला जाणार नाही, कारण प्रत्येक जादा हालचाल म्हणजे जादा चित्रं आणि जादा रात्री. गिरवणाऱ्याला मात्र ती फुकट मिळते. उलट ती गाळायची तर त्याला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

याचं सुरेख उदाहरण एका संगणक खेळात आहे. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेल्यांना त्याचा पांढऱ्या कपड्यांतला नायक आठवत असेल. खेळ आला १९८९ साली. जॉर्डन मेक्नर यांनी आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, काठाला लटकायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि फ्रेममागून फ्रेम गिरवून पात्र बनवलं. पडद्यावर तो नायक इवलासा. नाक-डोळे म्हणावेत तर दोन-चार ठिपके. पण पळता पळता एकदम उलट फिरायला सांगितलं की तो जागच्या जागी वळत नाही. पाय पुढे घसरतात, धड मागे पडतं, तोल सावरतो आणि मग तो फिरतो. त्या काळी इतर खेळांतली पात्रं आरशात उलटल्यासारखी खटकन दिशा बदलत. ती घसरण खऱ्या मुलाच्या अंगातली होती, म्हणून ती तिथं आली. तलवारबाजीसाठी मेक्नर यांनी १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मधल्या एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या अखेरच्या द्वंद्वाचा आधार घेतला. त्यांनी आपल्या रोजनिशा आणि मूळ चित्रणही पुढे सर्वांना खुलं केलं, त्यामुळे इथं तर्काला जागाच नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. आवाज बंद करावा. संगीत आणि संवाद हालचालीतले दोष फार सफाईनं झाकतात. मग लढाई किंवा नाच न निवडता अगदी कंटाळवाणं दृश्य निवडावं: दोन माणसं बोलताहेत, कुणीतरी जिना उतरतंय, कुणीतरी चहा ओततंय. व्हीएलसी प्लेयरमध्ये इंग्रजी ‘ई’ ही कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे जातं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे. दहा सेकंदांचा एक तुकडा असा पाहणं हे दोन तासांचा चित्रपट तीनदा पाहण्यापेक्षा जास्त शिकवून जातं.

पहिली नजर थांबण्यावर. हाताने काढलेलं पात्र थांबतं तेव्हा खरोखर थांबतं. एकच चित्र दहा-वीस फ्रेम धरून ठेवलेलं असतं. याला ‘होल्ड’ म्हणतात. जपानी ॲनिमेशनमध्ये तर अख्खं शरीर स्थिर आणि फक्त ओठ किंवा पापण्या हलताहेत, हे नेहमीचंच. असा निखळ होल्ड दिसला की गिरवल्याची शक्यता बरीच कमी होते. गिरवलेलं पात्र उभं असतानाही श्वास घेतं, डुलतं, त्याची बाह्यरेषा केसभर इकडे-तिकडे होत राहते. १९९२ मध्ये पूर्ण झालेला, युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ जानेवारी २०२५ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला होता, पुष्कळांनी तो तेव्हा पाहिला असेल. सरावाला तो उत्तम आहे. संवादाच्या दृश्यांत कोण किती वेळ निश्चल राहतं, एवढंच मोजत बसावं.

दुसरी नजर गतीच्या चढ-उतारावर. मान डावीकडून उजवीकडे वळते, एवढीच क्रिया घेऊ. कसलेला ॲनिमेटर ती सरळ रेषेत वळवत नाही. मध्यावर हनुवटी किंचित खाली आणून तो तिला कमान देतो. सुरुवातीची आणि शेवटची चित्रं एकमेकांजवळ दाट, मधली विरळ. फ्रेम पुढे-मागे केली की ही रचना उघडी पडते. गिरवलेल्या मानेत कमान कधी असते, कधी नसते. मधेच एक फ्रेम अडखळते, मग दोन फ्रेम वेगानं जातात. त्या अडखळण्याला कारण नसतं. माणसाची मान तशीच वळते, इतकंच.

पाय फार बोलके असतात. गिरवताना पात्र चित्रीकरणातून येतं आणि पार्श्वभूमी वेगळी रंगवली जाते. मूळ जमीन, तिचा उतार, कॅमेऱ्याची उंची यांचा नव्या जमिनीशी तंतोतंत मेळ बसला नाही की पाऊल टेकल्यावरही सरकतं आणि माणूस जमिनीपासून बोटभर वर तरंगल्यासारखा दिसतो. राल्फ बाक्षी यांच्या १९७८ च्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये हे तरंगणं जागोजागी सापडतं. त्या चित्रपटातल्या लढायांत तर कित्येकदा गिरवण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. चित्रीकरणच गडद करून, त्यावर रंग चढवून ऑर्क नावाच्या राक्षसांच्या टोळ्या म्हणून वापरलंय. काहींना त्यात भयाण सौंदर्य दिसतं. खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी पैसा आणि वेळ संपल्यासारखं दिसतं.

कपड्यांकडे मात्र सावधपणे पाहावं. हाताने काढताना घड्या मोजक्या ठेवतात आणि त्या कोपर, काख, गुडघा अशा ताणाच्या जागांना बांधलेल्या असतात. शरीर थांबलं की कापड एक-दोन फ्रेम उशिरा थांबतं, तेही हिशेबानं. गिरवलेल्या अंगरख्यात घड्या उगवतात आणि विरतात. सदऱ्यावरची एक चुणी चार फ्रेम दिसते आणि मग कुठं गेली याचा पत्ता नसतो. सगळी रेषाच सळसळू लागते. या धंद्यातले लोक त्याला रेषा ‘बॉइल’ होते असं म्हणतात. परंतु सळसळ हा एकट्यानं पुरावा नव्हे. १९८२ चा ब्रिटिश ‘द स्नोमॅन’ आठवा: रंगीत पेन्सिलींचं ते काम पूर्ण हाताचं, आणि प्रत्येक चित्र नव्यानं रंगवल्यामुळे त्याचा पृष्ठभाग सतत थरथरतो. फ्रेडरिक बाक यांच्या ‘द मॅन हू प्लांटेड ट्रीज’मध्येही तेच. तिथं थरथरतो तो रंग. गिरवलेल्यात आकार स्वतःच कच खातो: नाक एका फ्रेमला लांब, दुसऱ्याला आखूड, डावा डोळा हळूच गालाकडे सरकलेला.

पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापासून दूर गेला की काय होतं, हे पाहायला ‘आकु नो हाना’ ही २०१३ ची जपानी मालिका काढावी. दिग्दर्शक हिरोशी नागाहामा यांनी शूझो ओशिमी यांच्या मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, ती बनवताना खरे कलाकार घेऊन चित्रीकरण केलं आणि मग ते गिरवलं. मांगातले टपोऱ्या डोळ्यांचे देखणे चेहरे पाहण्याच्या तयारीनं बसलेले चाहते पहिल्या भागानंतर भडकले. त्यांचा राग समजण्यासारखा असला, तरी अभ्यासकाला ही मालिका म्हणजे खजिना आहे. पात्र वर्गाच्या दुसऱ्या टोकाला गेलं की त्याचे नाक-डोळे पुसलेच जातात आणि मागे उरतो कोरा अंडाकृती चेहरा. मॉडेल शीटवरून, म्हणजे पात्राच्या ठरवून दिलेल्या नमुना-चित्रांवरून, काढणारा कलाकार लांबच्या चेहऱ्यावरही दोन ठिपके, एक रेघ देतो, कारण पात्राची ओळख त्याला ठाऊक असते. गिरवणारा दिसेल तेवढंच घेतो. आणि पात्रं चालताना पाहा. शाळेतून घरी निघालेल्या मुलाची ती ओढलेली, दप्तराच्या ओझ्यानं एका बाजूला कललेली चाल कुठल्याही टायमिंगच्या मोजपट्टीवर सहजासहजी आखता येण्यासारखी नाही.

शरीराच्या प्रमाणांवरून मात्र घाईनं निष्कर्ष काढू नये. डिस्नेचा १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ याच कारणानं वादात सापडतो. नायिकेच्या हालचालींसाठी नर्तिका मार्ज चॅम्पियन हिचं चित्रीकरण झालं होतं, त्याच्या फ्रेम मोठ्या कागदावर छापून ॲनिमेटरांना दिल्या होत्या, हे सर्वश्रुत आहे. मग ते रोटोस्कोपिंग झालं का? काही तुकड्यांत बरंचसं झालं. पण स्नो व्हाइटचं डोकं खऱ्या मुलीपेक्षा अंगाच्या मानानं मोठं आहे, खांदे अरुंद आहेत. नुसतं गिरवून ती उभी राहिलीच नसती. प्रत्येक चित्रात तिला नव्यानं बांधावं लागलं. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन मुरब्बी ॲनिमेटरांनी १९८१ च्या ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात आपला अनुभव मांडलाय तो असा, की छापील फ्रेम जशाच्या तशा गिरवल्या तर हालचाल खरी वाटते, पण पात्रातला जीव निघून जातो. म्हणून पुढे ‘सिंड्रेला’, ‘स्लीपिंग ब्यूटी’साठी हेलन स्टॅन्लीसारख्या कलाकारांचं भरपूर चित्रीकरण झालं, तरी मार्क डेव्हिससारखे ॲनिमेटर त्यातून घ्यायचं ते घेऊन बाकीचं सोडून देत. याला ‘संदर्भ घेणं’ म्हणावं. गिरवणं आणि संदर्भ घेणं यांच्यामध्ये भिंत नाही, लांबलचक उतार आहे, आणि बहुतेक चित्रपट त्या उतारावर कुठंतरी मध्येच उभे असतात.

नवशिक्यांनी स्नो व्हाइटऐवजी फ्लायशर यांचा १९३९ चा ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ घ्यावा. गलिव्हर गिरवलेला, लिलिपुटवासी कार्टूनच्या रीतीनं काढलेले, आणि दोघं एकाच चौकटीत. गलिव्हरचं बोट उचललं जातं तेव्हा त्यात वजन आहे, सांधे आहेत, थोडा आळसही आहे. शेजारचा बुटका मात्र रबरासारखा ताणतो, दबतो आणि हवेत क्षणभर थांबतो. दोन्ही पद्धतींतला फरक इतका शेजारी-शेजारी क्वचितच मिळतो.

सोव्हिएत रशियातही असाच काळ येऊन गेला. सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं या पद्धतीचा बोलबाला होता. फिल्म काचेवर पाडणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या यंत्रावरून तिला तिथं ‘एक्लेर’ म्हणत. लेव्ह आतामानोव्ह यांचा १९५२ चा ‘द स्कार्लेट फ्लॉवर’ त्या काळातला. नाट्यगृहातल्या नटांसारखे भारदस्त हातवारे आणि त्याच चौकटीत अगदी चित्रातली वाटणारी झाडं, हा जोड एकदा ओळखू आला की पुन्हा विसरत नाही.

आता दुसरी बाजू, जिथं संशय नाहक घेतला जातो. हिरोयुकी ओकिउरा यांचा ‘जिन-रोह’ हा १९९९ चा चित्रपट पाहून आजही लोक शपथेवर सांगतात की हा गिरवलेला आहे. नाही. तो सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर, हाताने काढलेला आहे, आणि ओकिउरा स्वतः आधी ‘घोस्ट इन द शेल’सारख्या चित्रपटांचे ॲनिमेटर. भुयारातल्या त्या चिलखती शिपायांना पाहा. चिलखत जड आहे हे कशावरून कळतं? पाऊल टेकल्यावर गुडघा एकाच फ्रेममध्ये दुमडत नाही. भार खाली उतरायला वेळ घेतो आणि वर यायला त्याहून जास्त. मशीनगन वळते तेव्हा आधी खांदा, मग कोपर, मग नळी. हे सगळं जड आहे, पण त्यात फालतू काही नाही. कुणी उगाच डुलत नाही, कुणाची मान कारणाशिवाय हलत नाही. बोलणारी माणसं तर चक्क स्थिर. इतकी काटकसर कॅमेऱ्यापुढच्या माणसाला जमत नाही. हीच इथली खूण.

प्राण्यांच्या बाबतीत गोष्ट अधिक सोपी. १९४२ च्या ‘बाम्बी’साठी डिस्नेनं स्टुडिओत हरणाची पाडसं आणून ठेवली, रिको लब्रन यांच्याकडून कलाकारांना प्राण्यांच्या शरीररचनेचे धडे दिले. बोलणारं, लाजणारं, बर्फावर चार पाय चार दिशांना फाकून पडणारं हरीण कुणी चित्रित करून आणणार नव्हतं. १९६७ च्या ‘द जंगल बुक’मधला शेरखान मिल्ट काल यांनी काढला. त्याच्या चालीत खांद्याची हाडं आलटून-पालटून वर येतात ती अगदी वाघासारखी, आणि त्याच क्षणी चेहऱ्यावर उर्मट उमरावाची जी नजर आहे ती कुठल्याही वाघाकडे नाही. जिथं शरीर एका जीवाचं आणि मन दुसऱ्याचं, तिथं गिरवणं संपलेलं असतं.

मुंबईत ॲनिमेशनची विद्या रुजली तीही निरीक्षणाच्या वाटेनं. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला शिकवायला आले. त्या काळातल्या ‘द बनियन डियर’ या लघुपटाभोवती जी. के. गोखले, राम मोहन यांची पिढी तयार झाली.

‘रोटो’ या शब्दाचा एक घोळ इथंच निस्तरायला हवा. आज मुंबई, पुणे, हैदराबादच्या व्हीएफएक्स स्टुडिओंत कुणी ‘मी रोटोवर आहे’ असं म्हणालं, तर तो व्यंगपट गिरवत नसतो. तो चित्रीकरणातल्या नटाची, त्याच्या केसांची, हातातल्या छत्रीची बाह्यरेषा फ्रेममागून फ्रेम आखून ती आकृती पार्श्वभूमीपासून सोडवत असतो. हॉलिवूडचं असं ढीगभर काम भारतात होतं आणि कित्येक तरुणांची या धंद्यातली पहिली नोकरी तीच असते. नाव एक, मूळ एक, पण फळ वेगळं: इथं रेषा पडद्यावर दिसतच नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या तलवारींची झळाळी याच मार्गानं, फ्रेमवर फ्रेम रंगवून आली होती. मोशन कॅप्चरही वेगळं. त्यात अंगावरच्या खुणांवरून हालचालीची नोंद घेतात आणि ती त्रिमिती बाहुल्यावर चढवतात. काढलेली रेष तिथं नसतेच.

फ्रेम मोजण्याबद्दलही दोन शब्द, कारण इथं अर्धवट माहितीनं बरेच फसतात. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असेल तर ‘वन्सवर’, एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर ‘टूजवर’, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ‘थ्रीजवर’ म्हणजे ८. सेकंदाला २४ चित्रं म्हणजे गिरवलेलं, असं समजणं चूक आहे. डिस्ने वेगवान हालचाली वन्सवर काढतच असे. उलट गिरवलेलं कामही टूजवर असतं: ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ या २०१७ च्या चित्रपटात कलाकारांच्या चित्रीकरणावरून १२५ च्या आसपास चित्रकारांनी तैलरंगात सुमारे ६५,००० फ्रेम रंगवल्या, त्या सेकंदाला १२ या हिशेबानं. शिवाय इंटरनेटवरची फाइल कुणी ३० फ्रेममध्ये बदललेली असेल तर दर चार फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दिसते आणि सगळा हिशेब कोसळतो. फाइलचा फ्रेम-दर आधी बघून घ्यावा.

संगणकाच्या मदतीनं गिरवलेलं काम आणखी वेगळं दिसतं. रिचर्ड लिंकलेटर यांचे ‘वेकिंग लाइफ’ (२००१) आणि ‘अ स्कॅनर डार्कली’ (२००६) बॉब सॅबिस्टन यांच्या रोटोशॉप या प्रणालीवर झाले. कलाकार काही फ्रेमवर रेषा आखतो आणि मधल्या रेषा संगणक भरतो. त्यामुळे थरथर कमी होते आणि त्याजागी एक गुळगुळीत वाहणं येतं: भुवया कपाळावर नावेसारख्या सरकतात, भिंती एकमेकींपासून सुटून हलतात. ‘वेकिंग लाइफ’ स्वप्नांबद्दलच असल्यानं तिथं हे शोभून दिसतं. यात कष्ट कमी, असंही नाही. ‘अ स्कॅनर डार्कली’च्या एका मिनिटामागे सुमारे ५०० तासांचं काम होतं असं सांगितलं जातं. फोनवरच्या फिल्टरनं दोन सेकंदांत ‘ॲनिमेशन’ केलेल्या व्हिडिओशी त्याची गल्लत करू नये. फिल्टरमध्ये पोत चेहऱ्यावर पोहत राहतो आणि काय गाळायचं, काय ठेवायचं, याचा निर्णय कुणाच्याच हातचा नसतो.

वर सांगितलेली प्रत्येक खूण कुठंतरी चुकते, हेही ध्यानात ठेवावं. केंजी इवाइसावा यांचा ‘ऑन-गाकू’ (२०१९) हा सात वर्षांहून अधिक काळ खपून, ४०,००० च्या वर चित्रं काढून केलेला चित्रपट गिरवलेला आहे. पण त्यातली टारगट पोरं ढिम्म चेहऱ्यानं कितीतरी सेकंद नुसती उभी असतात. होल्डच होल्ड! चेहरेही चार रेघांचे. नुसत्या थांबण्यावरून निकाल देणारा इथं आपटला असता. मग ती पोरं वाद्यं उचलतात आणि गिटारच्या पट्टीवर बोटं सरकू लागतात, तेव्हा कळतं की हे हात कुणाचे तरी खरे आहेत. याच्या उलट टोकाला ‘किड्स ऑन द स्लोप’ (२०१२) ही शिनिचिरो वातानाबे यांची जॅझवरची मालिका आहे. तिच्यातली वादनाची दृश्यं खऱ्या वादकांच्या चित्रीकरणाचा आधार घेऊन केली आहेत, तर बाकीचा बराचसा भाग नेहमीच्या रीतीचा. एकाच भागात दोन पद्धती असू शकतात. म्हणून निकाल चित्रपटावर न देता दृश्यावर द्यावा.

आणि शेवटी कागदपत्रं पाहावीत. श्रेयनामावलीत आवाजाच्या कलाकारांखेरीज चित्रीकरणाचे कलाकार, छायाचित्रकार, वेशभूषाकार असतील तर ती फार मोठी खूण. निर्मितीचे माहितीपट, छापून आलेली मूळ पेन्सिल चित्रं, दिग्दर्शकांच्या मुलाखती यांतून बऱ्याच गोष्टींचा सोक्षमोक्ष लागतो. पेन्सिल चित्राखाली गोल-चौकोनांची बांधणी, खोडून पुन्हा काढलेल्या रेषा आणि कडेला टायमिंगची मोजपट्टी दिसली तर ते चित्र कोऱ्या कागदावरून आलंय, असं धरायला हरकत नाही.

असं काही हाती लागलं नाही आणि डोळ्यांनीही कौल दिला नाही, तर ‘चित्रीकरणाचा आधार घेतलेला दिसतो’ एवढंच म्हणावं. ‘गिरवलेलं आहे’ हे वाक्य पुरावा मिळेपर्यंत राखून ठेवावं. हाताने काढणाऱ्याच्या वर्षानुवर्षांच्या सरावावर त्या एका वाक्यानं पाणी पडतं, आणि गिरवणाऱ्यानंही सेकंदामागे बारा-चोवीस चित्रं काढलेलीच असतात.